सुईतला दोरा

ऑपरेशननंतर रुग्णांना कितपत गुण आला, याचा अभ्यास करणाऱ्या एक ताई काल फॉर्म घेऊन घरी आल्या. खर्च किती आला, डॉक्टर नीट बोलले का, सगळं विचारलं. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखाना मीच हट्टानं निवडलेला. छातीठोक सांगितलं, "लिहा, झकास दिसतं तिला."

ती गोधडी शिवत होती. म्हणाली, "ताई, तेवढा दोरा ओवून देता?"

ताईंनी ओवला. इतके दिवस ती शेजारणीकडून ओवून घेत असणार. मला सांगितलं नाही, कारण दवाखाना माझा होता.

चौथी शिकलोय मी, पण दवाखान्याचा गुण सुईला विचारावा, नवऱ्याला नाही, एवढं कळलं.

"खोडा ते," म्हणालो. "तिलाच विचारा."