देवमाशाचं तेल

अण्णा गेले त्या सकाळी मी वर्गात मुलींना पाढे म्हणायला लावून दारातल्या उन्हाकडे बघत उभी होते. शेजारचे नरसय्या, दिवसा कधी माग सोडून न उठणारे, शाळेच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, घरी चला." एवढंच. मी खडू ठेवला, हात झटकले, चपला घातल्या. माझा सख्खा भाऊ चार दिवसांच्या तापात संपला होता... आणि मी वाटेनं मनातल्या मनात तेराचा पाढा पुरा करत होते. त्याला आता दीड महिना झाला. रडू अजून आलेलं नाही. येईल, असं लोक सांगतात. मीही मान हलवते.

अण्णा गिरणीत तेलवाले होते. दिवसभर डबा घेऊन सूत काढणाऱ्या साच्यांच्या रांगांतून फिरायचं आणि सूत गुंडाळत गरगरणाऱ्या चात्यांना तेल घालायचं, हे त्यांचं काम. मी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हा मला घरात घेणारे आणि शिकून मास्तरीण हो म्हणून पाठीस लागणारे तेच. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ झाली की अण्णा गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडे बघत बसत. त्या वेळी घरात भांड्याचाही आवाज केलेला त्यांना चालत नसे; एरवी ते स्वतःच घर डोक्यावर घेत. समोर समई असे, आणि तिच्यात गिरणीचं तेल. डब्याच्या तळाशी उरलेलं न्यायला मुकादमाची ना नव्हती. पातळ, नितळ, काजळी म्हणून धरायचं नाही. आमच्या आईला, अव्वाला, बढाई मारायला तेवढं पुरे होतं. माझ्या लेकाच्या समईला काजळी धरत न्हाय, हे तिनं गल्लीत सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीत गिरणी बंद होती, तेव्हा मामांनी आम्हाला मुंबईला बोलावलं. मामा गोदीत पहारेकरी होते. समुद्र बघून अव्वाचे पाय दुखायला लागले, तरी मामा आम्हाला गोदीजवळच्या एका जुन्या वखारीत घेऊन गेले. कुणा गोऱ्या कप्तानानं तिथं अजबखाना मांडला होता. त्याची जहाजं पूर्वी दक्षिणेच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीला जात. आत शिरलो तर डोक्यावर सगळी हाडंच. बैलगाडीवर तट्ट्याची कमान असते तशा बरगड्या एकापुढे एक. अण्णा जबड्यात जाऊन उभे राहिले आणि वहिनीला म्हणाले, आता मला गिळलं तर गिरणीला कळव. वहिनी पदराआड हसली. वहिनीला इतकं हसताना मी क्वचितच पाहिलं आहे. अव्वा मात्र, एवढ्या जनावराला रोज खायला काय घालत असतील, याच काळजीत होती.

शेवटी एका मेजावर बाटल्या होत्या. तिथला राखणदार, कोकणातला म्हातारा, बूच काढून बघायला येणाऱ्यांच्या तळहातावर एकेक थेंब घालत होता. अण्णांनीही हात पुढे केला. थेंब बोटानं चोळला, नाकाशी नेला... आणि त्यांचं हसू गेलं. मी शेजारीच होते. मला काही कळायच्या आत त्यांनी वास ओळखला होता, गिरणीच्या डब्यातला. आम्हा सोलापूरच्या माणसांना तेल म्हणजे करडईचं नाहीतर शेंगांचं. तेल घाण्यातूनच निघतं. गिरणीचं तेलही कुठल्या तरी विलायती बियांचं असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

"ह्ये कशाच्या बियांचं?" अण्णांनी विचारलं.

"बियांचं कसलं? ह्याच्या डोक्यातलं," म्हातारा वरच्या कवटीकडे बोट दाखवत म्हणाला. "गिरण्यांत चात्यांना घालतात ना, तेच."

अण्णांनी हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. परतीच्या गाडीत तो हात त्यांनी मांडीपासून दूर, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा धरला होता. अंडंसुद्धा ज्या घरात कधी आलं नाही, त्या घरात वर्षानुवर्षं देवासमोर काय जळत होतं, हे आता आम्हाला ठाऊक झालं होतं. घरी आल्यावर अव्वानं समई चिंचेनं घासली, करडईचं तेल घातलं आणि तिच्यापुरता विषय मिटवला. अण्णांचा मिटेना. मठातल्या स्वामींनी समजावलं की लिंग धारण केलेल्या माणसाला विटाळ नसतो. अण्णांनी ऐकून घेतलं, पाया पडले. पण त्या दिवसापासून, रोज त्या तेलात माखणाऱ्या तळहातावर लिंग घेतलं नाही. ताटलीत बेलाचं पान ठेवून त्यावर ठेवत आणि हात मागे घेऊन बसत. मुकादमाकडे दुसरं काम मागितलं, तो हसला. घरी तीन बायका जेवणाऱ्या, माझा मास्तरणीचा पगार तो केवढा... अण्णा डबा घेऊन पुन्हा चात्यांकडे गेले आणि शेवटपर्यंत जातच राहिले. मला त्यांचा राग यायचा. एवढी पूजा करता तर धरा हातात, नाहीतर सोडा ती नोकरी, असं ओठांवर यायचं. मग ताटात भाकरी दिसायची.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात आणि त्याआधी लिंग डाव्या तळहातावर ठेवतात. त्या दिवशी खड्ड्यात अण्णांना मांडी घालून बसवलं होतं. स्वामींनी गळ्यातलं लिंग सोडलं, मूठ उघडायला घेतली, आणि मी पुढे झाले. जितेपणी ज्या हातावर घेतलं नाही, त्या हातावर आता त्यांच्या मनाविरुद्ध ठेवायचं? मला वाटलं होतं, वहिनीही हेच म्हणेल. वहिनीनं माझं मनगट धरलं, मला मागे ओढलं आणि स्वामींना म्हणाली, "हातावरच ठेवा. आता त्यास्नी कामाला जायचं न्हाय."

स्वामींनी ठेवलं. बोटं मिटली. मी त्या मुठीकडे माती पडेपर्यंत बघत होते. काही वाटत नव्हतं, फक्त बघत होते.

पहाटे गिरणीचा भोंगा होतो. वहिनी अजूनही उठून बसते. मी अंथरुणातून तिच्याकडे बघते. भोंगा थांबेपर्यंत ती तशीच बसते आणि मग पुन्हा आडवी होते.