नोएडात मी संघ निवडला

कराडहून निघताना पिशवीत ताईसाठी कांदा-लसूण चटणी होती आणि खिशात वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी मी निवडलेला कसोटी संघ. निवड समितीने तिचा संघ अजून जाहीर केला नव्हता, पण ती तिची अडचण. माझं स्वतःचं क्रिकेट म्हणजे विमा कचेरीच्या संघातला बारावा गडी. एकाला कांजिण्या झाल्या म्हणून एकदाच खेळलो आणि एकही चेंडू न खेळता धावबाद झालो. तेव्हापासून मी जाणकार आहे.

निजामुद्दीन स्टेशनवर दाजी घ्यायला आले होते. ते केंद्र सरकारच्या नोकरीत; राहायला लक्ष्मीबाई नगरात. सरकारी क्वार्टर, मागे पेरूचं झाड, डाव्या हाताला तमिळ शेजारी, उजव्या हाताला बंगाली. भाची मिनी दारातच म्हणाली, "मामा, ट्रेन किती लेट! चलो, आधी हात धू." तिला 'उंबरठा' हा शब्द आठवत नव्हता, म्हणून "ते दरवाज्याचं खालचं" जपून ओलांडायला सांगितलं. तरीही मी अडखळलोच.

दाजी वर्षभरात निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार. म्हणून त्यांनी नोएडात एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता. तो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दाजींच्या आईचे गुडघे पार गेलेले. तळमजल्यावरचा एक सभासद नुकताच बाहेर पडला होता. त्याच्या फ्लॅटवर तीन कुटुंबांचा डोळा होता आणि अदलाबदल सेक्रेटरी मल्होत्राजींच्या हातात होती. रविवारी आम्ही त्यांना भेटायला जाणार होतो.

"तू फक्त चहा प्यायचा," ताईने बजावलं. "आणि मान हलवायची."

यमुना ओलांडली आणि दिल्ली संपली. दोन्हीकडे पिवळी सरसों (मोहरी), मधूनच सळ्या बाहेर आलेल्या चार मजली इमारती, आणि नुसते आकडे लिहिलेल्या पाट्या. दाजींची नवी मारुती तीनदा त्याच पाण्याच्या टाकीपाशी आली. एका म्हाताऱ्याला रस्ता विचारला. तो खाटेवरून न उठता म्हणाला, "सड़क बन जाए, तब आना."

मल्होत्राजी मात्र लोभस माणूस. पांढऱ्या मिशा, हातमोज्यासारखे मोठे तळहात. त्यांच्या पत्नीने मठरी (जाड खारी पुरी) आणि कांजी (काळ्या गाजरांचं मोहरी घातलेलं आंबट पाणी) पुढे ठेवली. कांजीचा पहिला घोट नाकापर्यंत गेला. मी मान हलवली. सगळं ठीक चाललं होतं.

मग त्यांनी विचारलं, "आप तो महाराष्ट्र से हैं। बताइए, ओपनिंग कौन करे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला कागद काढला.

सलामीला आपला मुंबईचा मुलगा, असं मी सांगितलं. ते म्हणाले, दिल्लीचा. मी म्हणालो, दिल्लीवाल्याचे पाय हलत नाहीत. ते हसून म्हणाले, तुमचा मुंबईवाला उसळता चेंडू दिसला की डोळे मिटतो. माझं रक्त तापलं. "मल्होत्राजी," मी म्हणालो, "अब मुझे राग आ रहा है!"

त्यांच्या पत्नी कौतुकाने पुढे झाल्या. "अच्छा, गाते भी हैं? कौन-सा राग?"

"मामा, 'गुस्सा' म्हणतात," मिनी कुजबुजली. सगळे हसले. माझ्याखेरीज. इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माझं हसं झालं की मला शहाणपण सुचत नाही. मी म्हणालो, "दिल्ली का लड़का टीम में आता है, तो सिफ़ारिश से ही आता है।"

मल्होत्राजींनी कप खाली ठेवला. समोरची वही ओढली, तिच्यात रबराने काहीतरी खोडलं आणि शांतपणे दाजींना म्हणाले, "भाईसाहब ने ठीक याद दिलाया। सिफ़ारिश नहीं होनी चाहिए। अगले इतवार पर्ची निकालेंगे।"

परतीच्या वाटेवर दाजींनी कुणालाच रस्ता विचारला नाही. पाण्याची टाकी या वेळी एकदाच लागली.

मी मुक्काम वाढवला. पुढच्या रविवारी तिन्ही नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या आणि निघाली ती कानपूरच्या एका बँकवाल्याची. तो तिशीचा होता, सडसडीत. आनंदाने जिना धावत चढून छतावर गेला, नुसता नजारा बघायला.

मल्होत्राजींनी मला बाजूला घेतलं आणि वही उघडली. तळमजल्याच्या रकान्यात खोडलेली पेन्सिल अजून वाचता येत होती. दाजींच्या आईचं नाव होतं.

"माताजी के घुटने देखकर लिखा था," ते म्हणाले. "सिफ़ारिश से नहीं।"

माफी मागायला हिंदी शब्द सापडेना. मराठीतच "चुकलो" म्हणालो. त्यांना कळलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, पण वही मिटली.

घरी आल्यावर मी आजींना, म्हणजे दाजींच्या आईला, सगळं सांगून टाकलं. ताईने सांगण्याआधी आपण सांगावं एवढीच माझी हिंमत. आजी गुडघ्यांना तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "एकदा वर चढले की खाली उतरायचंच नाही, झालं." आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. मी उरलेले दोन दिवस तेल चोळलं.

परतीच्या गाडीत समोरच्या प्रवाशाच्या हातात वर्तमानपत्र होतं. संघ जाहीर झाला होता. मागून घेतलं. मुंबईचा मुलगा होता, दिल्लीचाही होता. डावाची सुरुवात दोघांनी मिळून करावी, असं ठरलं होतं म्हणे.

"बरोबर निवडलाय का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि पेपर परत दिला. मथुरा मागे पडलं. त्या दोघांचं माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं. अडलं होतं ते आजींचं, आणि तेही मी तोंड उघडल्यामुळे.