पाचशे मीटरवरचा फुगवटा

वैजयंता साळवे मीरा रोडला राहते, पण वर्षातले पाच-सहा महिने घराबाहेर, समुद्रावर असते. संशोधन जहाजावरून खोल पाण्याचे नमुने काढणं हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी पूर्वेच्या समुद्रात एका तेलविहिरीला गळती लागली. ती बुजवल्यावर तिचं जहाज तिथे गेलं. गळतीमुळे कोळंबीच्या ट्रॉलरवर घातलेली बंदी उठवायची की नाही, हे तिच्या नमुन्यांवर ठरणार होतं.

वर तवंग नव्हता. गळतीच्या तोंडाशीच रसायन सोडल्यामुळे तेलाचे धुक्यासारखे बारीक थेंब झाले होते. असे थेंब सहसा वर येत नाहीत. मध्येच एखाद्या थरात अडकतात आणि तिथल्या प्रवाहाबरोबर सरकतात, वर वारा कुठलाही असो.

पाण्यातलं तेल टिपणारा सेन्सर लावलेलं यंत्र खाली सोडलं की पडद्यावर रेघ उमटत जाते; तेल लागलं की ती फुगते. पाचशे मीटरवर ती किंचित फुगली. पहिल्या फेरीत असं झालं की जहाजावर सगळे एकच म्हणतात, सेन्सरची काच मळलीय.

"निहार, सेन्सर पुसला होतास ना?" तिने डेकवरच्या सहकाऱ्याला विचारलं.

"घाईत राहिला वाटतं, मॅडम. माझ्या चष्म्याचीही तीच गत आहे."

यंत्र वर येताना त्याला लावलेल्या बाटल्या हव्या त्या खोलीवर बंद करून तिथलं पाणी धरायचं असतं. पाचशेवरची बाटली तिने बंद केली नाही. काच पुसून यंत्र पुन्हा सोडलं, तोवर जहाज वाऱ्याने बाजूला सरकलं होतं. या वेळी रेघ सरळ आली. तेल नाही, असा अहवाल गेला. बंदी उठली.

दीड महिन्याने दुसऱ्या जहाजाला दक्षिणेकडे तेलाचा अरुंद पट्टा सापडला. खोली पाचशे मीटर. ट्रॉलर तिथेच जाळी ओढत होते.

सुट्टीत घरी जेवताना, त्या पट्ट्याची बातमी वाचलेले वडील, कोंडिराम, म्हणाले, "तेल वरच येतंय की गं. ही तर्री बघ."

"मिक्सरमधून काढा ती, बाबा. मग येते का बघा."

"म्हणजे तेल खालीच राहतं, हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

त्यांनी तर्रीची वाटी बाजूला सारली.

पहिल्या फेरीची रेघ तिने नंतर मत्स्य खात्याकडे पाठवली. त्या फुगवट्यात तेल होतं की मळ, हे बाटलीतल्या पाण्यावरून कळलं असतं. बाटली नव्हती. त्या दीड महिन्यातली कोळंबी तोवर विकून झाली होती.