एक जूनचा जन्म

वडील ज्या गादीवर गेले ती तेराव्याच्या आत कुणाला तरी देऊन टाकायची, असं घरात ठरलं होतं. मी अजून दिलेली नाही. तिच्यातला कापूस आमच्या गावच्या पिंजाऱ्याने पिंजलेला आहे, आणि तो पिंजारी परदेशी होता. निदान कागदोपत्री.

तो नरडाण्याजवळच्या आमच्याच गावात जन्मला. वडील शाळेत नवे मास्तर असताना त्यांच्या पहिल्या वर्गात होता. फाळणीनंतर मामाने त्याला आणि त्याच्या आईला कराचीला नेलं. तिथे त्याचं कुणी उरलं नाही, तेव्हा चाळिशीत व्हिसा काढून तो गावी आला. मुदत संपली तरी परत जाईना. मला इथेच राहू द्या, असा त्याचा अर्ज होता. दर सोमवारी तो तालुक्याच्या ठाण्यात हजेरी द्यायचा. एका सोमवारी त्याला तिथेच ठेवून घेतलं, कारण देशाबाहेर पाठवण्याचा हुकूम आला होता.

गुन्हेगार नव्हता म्हणून कोठडीत घातला नाही. पळून जाईल म्हणून मागच्या खोलीला कुलूप लावलं. रिकामा बसून कंटाळेल अशी काळजी वाटून पोलिसांनी त्याची कापूस पिंजायची धनुकली गावातून मागवून घेतली. आठवड्यात ठाण्यातल्या साऱ्या गाद्या मऊ झाल्या. फौजदारांच्या घरच्याही.

वडील तेव्हा हेडमास्तर होते. जन्म इथलाच असल्याचा शाळेचा दाखला आणा, मग अर्ज वर पाठवतो आणि तोवर याला थांबवतो, असं फौजदारांनी त्यांना सांगितलं. मी धुळ्याला कॉलेजात होतो, सुटीत घरी आलेला. अक्षर चांगलं म्हणून दाखला मी लिहिला. जन्मतारीख, रजिस्टरात होती तीच, एक जून.

आमच्याकडे जूनमध्ये मास्तर घरोघर फिरून मुलं गोळा करत. आयांना तारखा ठाऊक नसत. कुणी आखाजीचा, कुणी पोळ्याचा. मास्तर अंदाजाने वय धरत आणि पुढे एक जून लिहून मोकळे होत. आमचं अख्खं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. ज्यांना नोकऱ्या लागल्या ते एकतीस मेला एकदमच निवृत्त होतात.

पासपोर्टवर तारीख वेगळी होती. पोरगा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, असं त्याच्या आईने कराचीतल्या कुणा कारकुनाला सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसाने जुनं पंचांग शोधून खरी तारीख काढली होती. पिंजाऱ्याचा खरा जन्म फक्त परदेशात नोंदलेला होता.

फौजदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. कागद सांगतात हा दुसरा माणूस आहे, म्हणाले. मी त्याला बाराखडी शिकवली आहे, वडील म्हणाले. त्यावर फौजदारांनी अदबीने सुचवलं की दाखल्यात पासपोर्टची तारीख घाला, बाकीचं मी बघतो.

"रजिस्टरात आहे तेच दाखल्यात येईल," वडील म्हणाले.

"माझीही एक जूनच आहे, गुरुजी," फौजदार हसले. "पण माझ्याकडे पासपोर्ट नाही."

निघताना आम्ही मागच्या खोलीपाशी थांबलो. पिंजारी कापसाने पांढरा झाला होता. खिडकीच्या गजांजवळ येऊन हळूच म्हणाला,

"गुरुजी, ती तारीख तुम्हीच लिखेल शे ना? मंग बदली टाका."

वडील म्हणाले की सरकारी रजिस्टर आहे, खाडाखोड करता येत नाही. अंदाजाने लिहिलेली तारीख खोडून खरी लिहिणं त्यांना खोटेपणाचं वाटलं. ते आयुष्यभर प्रामाणिक माणूस होते. मी दाखला घडी करून खिशात ठेवला.

चार दिवसांनी दोन शिपायांबरोबर तो नरडाण्याहून गाडीत बसला. सरहद्दीवर त्याचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. जाण्याआधी त्याने आमच्या घरचा कापूस ठाण्यातच पिंजून, गादी भरून, शिवून एका शिपायाच्या सायकलवर पाठवली होती. वडील शेवटपर्यंत तिच्यावरच झोपले. कूस सारखी बदलायचे.

परवा मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने जन्मतारीख विचारली. एक जून, मी म्हणालो. त्याने मान वर न करता लिहून घेतली, पुरावा मागितला नाही.

वडील नागपंचमीचे, असं आजी सांगायची.