मिक्श्चरात कमी पडलेलं पाणी

कांबळेभाऊ गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं, तेही उमरग्याच्या बसस्टँडवर सोलापूरची गाडी शोधताना. आमच्या जुन्या दवाखान्यातला शिपाई भेटला आणि म्हणाला, "सिस्टर, कंपाउंडरसाहेब गेले की! तुमाला कळलं न्हाय?" मी पिशवी तिथंच खाली ठेवली. चाळीसेक वर्षं मला या माणसाला एक गोष्ट सांगायची होती. दिवाळी झाली की जाऊ, गुडघा जरा बरा झाला की जाऊ... असं म्हणत राहिले. आता सांगायचं कुणाला?

मुरूमजवळच्या एका गावात सरकारी दवाखाना होता. मी तिथं नर्स आणि भाऊ कंपाउंडर. त्या काळी बरीचशी औषधं दवाखान्यातच करावी लागत. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, भाऊ पूड काट्यावर तोलायचे, खलात घोटायचे, उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायचे. थेंब मोजताना कुणी मध्येच बोललं, की सगळं ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून. मी चिडवायचे, "भाऊ, तुम्ही सोनाराकडं नोकरी धरा." ते मान वर न करता म्हणायचे, "सोनाराचं चुकलं तर मोडून परत करता येतंय, सिस्टर." बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची. कुणाची चपटी, कुणाची उभी. भाऊ प्रत्येक बाटलीच्या मापानं कागदाची पट्टी कापायचे, तिला कात्रीनं खाचा पाडायचे आणि खळीनं बाटलीवर चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्या माणसालाही खाच कळते.

भाऊ बौद्ध. ज्यांना त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, ती माणसं त्यांनी केलेलं मिक्श्चर बिनबोभाट घटाघटा प्यायची. मला याचं हसू यायचं, आणि मग माझीच मला लाज वाटायची. कारण मीही तसल्याच घरातली सून होते.

बाहत्तरच्या दुष्काळात दवाखान्याचा आड आटला. टँकरचं पाणी इतकं गढूळ, की उकळलं तरी तळाला बोटभर गाळ. आमच्या घरच्या आडाला मात्र थोडं पाणी होतं. मी रोज सकाळी एक घागर दवाखान्यात न्यायचे आणि भाऊ तिच्यावर दिवसभराची औषधं करायचे. एके दिवशी सासूबाईंनी घागरीला हात लावला. "आड तळाला लागलाय. त्या कंपाउंडरच्या हंड्यात वतायला आता एक थेंब मिळायचा न्हाय." मी सरकारी पगार आणणारी बाई, दवाखान्यात सगळ्यांवर आवाज चढवणारी. पण त्या दिवशी घागर तिथंच ठेवून रिकाम्या हातानं निघाले. दवाखान्यात जाऊन भाऊंना सांगितलं, "आमचाही आड आटला." धडधडीत खोटं बोलले. ते एवढंच म्हणाले, "बरं."

भाऊंनी डॉक्टरांना विचारून मार्ग काढला. औषध तेवढंच, पाणी निम्मं; मिक्श्चर दुप्पट कडक, म्हणून डोसही निम्मा. नव्या पट्टीवर खाचा जवळ जवळ पाडायच्या. त्याच आठवड्यात खडी फोडायच्या कामावरची सखूबाई दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आली. पोरीला हगवण लागली होती. तेव्हा हगवणीच्या पांढऱ्या औषधात अफूचा अर्क पडायचा, थेंबाच्या मापानं. भाऊंनी पट्टी लावली, सखूबाईकडून खाच बोटानं दाखवून घेतली आणि मगच तिला जाऊ दिलं.

पण ती बाटली शेजारणीची होती. शेजारणीनं ती परत मागितली, तेव्हा सखूबाईनं औषध आपल्या जुन्या खोकल्याच्या बाटलीत ओतून घेतलं. त्या बाटलीवर भाऊंचीच, पाणी पुरत होतं तेव्हाची जुनी पट्टी होती, लांब लांब खाचांची. तिनं त्या खाचेनं औषध पाजलं. दुप्पट झालं.

पोरीला आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. सखूबाई आम्हाला परत परत समजावून सांगत होती, "लई दिसानं शांत निजली व्हती ओ. म्हणून म्या उठवली न्हाय." तिनं कुणाला बोल लावला नाही. भाऊ ती बाटली हातात धरून उभे होते. डॉक्टर म्हणाले, "कांबळे, तुमची चूक नाही." खरंच नव्हती. कुणाची होती ते मला ठाऊक होतं, आणि मी कोपऱ्यात उभी राहून बँडेज गुंडाळत होते... त्यानंतर भाऊ आधी बाटलीवरची जुनी पट्टी खरवडून काढायचे आणि मगच औषध भरायचे. घरात दुसरी बाटली आहे का, हेही विचारायचे. मी दिवसभर ते पाहायचे. पुढं माझी बदली झाली, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं याचीही लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन आले. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. मी काही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. आड, सासूबाई, खोटं, सगळं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमाला ठावं व्हतं की, बाई. तुमच्या आडाचा दोर रोज वलाच दिसायचा. दोन-तीन दिसांतच मी त्यांना सांगितलं, जाऊन मागा म्हणून."

"मग?"

"ते म्हनले, मागायला नगं. त्या बाईचंबी घरात चालत नसंल."

सखूबाईची पोर गेली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. म्हणजे मी "आड आटला" म्हटलं आणि ते "बरं" म्हणाले, त्यानंतर माझी बदली होईपर्यंतची सगळी वर्षं ते हे जाणून माझ्याशेजारी काम करत होते. एकदा जरी ओरडले असते... मला रडूही येईना. वहिनी उठल्या, आत जाऊन पेला भरून घेऊन आल्या. "घ्या. उकळून गार केलेलं हाय. त्यांच्या माघारीबी सूनबाई तसंच करती."

पेला हातात घेतला. वहिनी समोर उभ्या होत्या. सगळं प्यायले.