मी लावलेली कडी

चिचगडच्या एका दवाखान्यात मी संगणकावर नोंदी करायचो. संगणक अडला की गोंदियाहून बसने एक दुरुस्तीवाला यायचा. पन्नाशीचा, सडपातळ. खुर्चीवर बसण्याआधी तो चपला काढायचा आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका सकाळी सिकलसेलच्या रुग्णांची फाईल उघडेचना. पडद्यावर 'परवानगी नाही' एवढंच येत होतं. बाहेर लांबून आलेले रुग्ण ताटकळले होते. डॉक्टरबाई संतापल्या. दुरुस्तीवाला आल्यावर त्याच्यासमोरच मी म्हणालो, "मागच्या खेपेला यांनीच काही केलं असेल."

त्याने वायरी पाहिल्या, जोडणी तपासली आणि तासाभराने मला हळूच जवळ बोलावलं. माझ्या नोंदींना कोणी हात लावू नये म्हणून आदल्या दिवशी मीच फोल्डरच्या परवानग्या बदलल्या होत्या. त्यात माझीही परवानगी उडाली होती. भीतीने मी ते लपवलं होतं.

"फाईल कुठी नाही गेली, भाऊ. तुमीच कडी लावली," तो कुजबुजला. "काऊन नाही सांगितलं? नवीन नोकरी आहे न तुमची?"

मी नुसती मान हलवली. त्याने फाईल उघडून दिली आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, माह्याच सेटिंगची चूक होती."

बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. दुसरा माणूस येऊ लागला. खरं सांगायला मला बाईंच्या टेबलापर्यंत दहा पावलं चालायची होती. तेवढी मी चाललो नाही.