आबाचे चाळीस पैसे

माझा बाप भिकाऱ्यांच्या रांगेत उभा होता. फेटा बांधून.

शनिवारची सकाळ. सांगलीच्या पेठेत शनिवारी दुकानदार दानधर्म करायचे. पायरीखाली भिकारी रांग धरायचे आणि दुकानातला गडी पितळी ताटली घेऊन खाली उतरायचा. एकेकाच्या हातावर दोन पैशाचं नाणं टाकत पुढं सरकायचा. वरनं टाकायचा. हाताला हात लागू द्यायचा नाही.

मी हातगाडीवर हळदीची पोती घेऊन तिथनं चाललो होतो. रांगेत एक आंधळी बाई, एक पाय गेलेला माणूस, दोन म्हातारे, आणि त्यांच्या मागं आबा. धुतलेलं धोतर. लग्नाकार्याला बांधायचा तो पांढरा फेटा. वहाणा काढून बाजूला नीट ठेवलेल्या.

गडी आबापुढं आला. नाणं हातावर टाकलं. आबानं ते निरखून बघितलं आणि म्हणाला, "दोन न्हवं. चाळीस हायती."

गडी हसला. गादीवर बसलेल्या मालकानं मान वर केली. चष्म्यातनं आबाकडं बघितलं, फेट्याकडं बघितलं.

"अजून एक दे रे त्याला," मालक म्हणाला. "घरंदाज दिसतोय."

मग सगळी पेठ हसली.

आबानं मला बघितलं. मी आबाला बघितलं. आणि मी गाडी पुढं ढकलली. बाप दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मालकानं केलं ते एक, मी केलं ते एक. माझं मी पुढं फेडलं. त्याचं फिटलेलं नाही.

आता हे चाळीस पैसे कुठले, ते सांगतो.

आम्ही जत तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं आणि सांगलीत हमालीला लागलो, बाप-लेक दोघं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा बाजारात मोड मिळत नाही म्हणून ओरड होती. रुपया दिला आणि पंच्याण्णव पैशाचा माल घेतला, की वरचे पाच पैसे गेले. दुकानदार म्हणायचा, मोड नाही. कुणाला पेपरमिंटची गोळी द्यायचा, कुणाला काडीपेटी. तेही अंगावरचे कपडे बघून. वकिलाच्या घरचं माणूस आलं की त्याच गल्ल्यातनं मोड निघायची. आमच्यासारख्याला गोळी पण नाही. राहू दे, पुढच्या वेळी बघू, म्हणायचा. पुढच्या वेळी परत तेच.

आणि आमचे पाच पैसे कमी पडले तर? एका हमालाच्या बायकोच्या बाटलीतनं त्याच मालकानं पाच पैशाचं गोडेतेल परत ओतून घेतलं. मी डोळ्यांनी बघितलंय. ती बाई बाटली हलवून बघत होती, किती राहिलं ते.

आबाला अक्षर येत नव्हतं, पण त्याची मोजणी चुकत नसे. तरुणपणी मेंढरं राखायचा, तेव्हापासनं त्याची रीत होती, दोरीला गाठ मारून ध्यानात ठेवायचं. त्या मालकाकडं पाच पैसे राहिले की आबा पान-तंबाखूच्या चंचीच्या दोरीला एक गाठ मारायचा. आठ गाठी झाल्या तेव्हा तो मालकाकडं गेला. गुरुवार होता. चंची पुढं केली, गाठी दाखवल्या, चाळीस पैसे झाले म्हणाला.

मालक म्हणाला, "शनिवारी ये. शनिवारी देतो आम्ही."

आमचा हमालांचा आठवड्याचा पगार शनिवारी व्हायचा. मुकादम शनिवारी पैसे वाटायचा. ज्याचं कुणाकडं काही निघतं तो शनिवारी जाणार, हेच आबाला ठाऊक. शनिवारच्या दानाशी आमचा संबंधच नव्हता, आम्ही कष्टाचं खाणारे. आबाला वाटलं, मालकानं मानानं बोलावलंय. म्हणून फेटा. दुकानापुढं गेल्यावर गड्यानं रांगेकडं बोट केलं. आबा रांगेत उभा राहिला. रेशनला रांग असते, पगाराला रांग असते. तसं इथंही, ज्यांचं मालकाकडं निघतं त्यांची ही रांग असणार. असं त्याला वाटलं.

त्या दिवशी आबा घरी आला, फेटा सोडला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. मिळालेली दोन्ही नाणी तो त्या आंधळ्या बाईला देऊन आला होता. गाडी का ढकललीस, हे त्यानं मला मरेपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आईला एवढंच म्हणाला, मालकाच्या ध्यानात राहिलं नसंल.

पण त्या दिवसानंतर तो त्या पेठेतनं गेला नाही. भरलेली हातगाडी वळसा घालून न्यायचा. साठीचा माणूस. उन्हात.

चार महिने गेले. दिवाळी तोंडावर आली होती. त्याच दुकानाच्या दिवाणजीनं मला हाक मारली. दिवाणजी म्हणजे मालकाच्या वह्या लिहिणारा, तोंडानं सैल माणूस. मागच्या गोडाऊनमधनं एक अर्धं पोतं उचलून बोळात मिरजेचा टेम्पो उभा आहे त्यात टाकायचं, म्हणाला. एकटा पुरेल.

मी पोतं पाठीवर घेतलं. हमालाच्या पाठीला आतला माल कळतो. हळकुंड टोचतं. गुळाची ढेप बसते. साखर सरकते. हे काही वेगळंच होतं. पाऊल टाकलं की आत सळसळायचं आणि बारीक काठ पाठीत रुतायचे. मी थांबलो. दिवाणजीला विचारलं, काय आहे ह्यात. तो तंबाखू मळत होता.

"लक्ष्मी," म्हणाला. "मिरजंत एक जण घेतो. शंभराच्या चिल्लरीला एकशे आठ मोजतो. आसं एक पोतं म्हैन्याला जातंय."

मी म्हणालो, पेठेत तर मोड मिळत नाही.

दिवाणजी हसला. "कुठनं मिळंल? लोकं गोळी चघळत घरी जात्यात. तू कशाला इचार करतोस, गड्या. उचल."

मी उभाच होतो. माझ्या पाठीवर आबाच्या आठ गाठी होत्या. तेलाची बाटली हलवणाऱ्या बाईचे पैसे होते. आख्ख्या हमालवाड्याचे होते. आणि ते मिरजेला विकायला मीच नेत होतो. ती हमालीही मला मिळणार होती, वीस पैसे.

टेम्पो डाव्या हाताला होता. मी उजवीकडं वळलो.

शनिवारच होता. पुढं बाजार भरलेला. दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी. मी गर्दीतनं वाट काढत पायरीपाशी गेलो, पोतं खाली ठेवलं, कमरेचा हूक काढला आणि वरनं खालपर्यंत पोतं फाडलं.

पाच पैशाची चौकोनी नाणी. दहा पैशाची, कातरल्या काठाची. वीसची, पंचवीसची. पायरीवरनं घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. मालक गादीवरनं अर्धा उठला. काय आहे हे, असं त्यानं विचारलं.

"मोड," मी म्हणालो. "तुमी न्हाई म्हनताय ती."

आधी कुणी हात लावला नाही. लोकांना ते खरं वाटत नव्हतं. मग एक म्हातारी पुढं झाली. भाजी विकायला बसायची ती. खाली बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "माजं साठ पैसं हायती ह्यात." सहा नाणी मोजली, पदराला बांधली, उठली. तिच्या मागं दुसरा. मग तिसरा. मग मोजायचं राहिलंच. कुणी आपलं घेतलं, कुणी जास्त घेतलं. मी अडवलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मालक अनवाणी पायरी उतरला. गड्याला हाका मारू लागला, पण गडी हलला नाही. मग मालक स्वतः वाकला. लोकांच्या पायांतनं नाणी वेचायला लागला. धोतराचा सोगा धुळीत. एका पोराच्या पायाखालचं पाच पैशाचं नाणं त्यानं ओढून घेतलं. मी हूक हातात धरून बघत उभा होतो. मला लय बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

त्यानं मान वर केली, तेव्हा मी त्याच्या डोक्याशी उभा होतो. खिशातनं दहाची नोट काढून त्यानं माझ्यापुढं धरली. घे आणि चालता हो, म्हणाला.

मी म्हणालो, "नोट नको. आबाचं चाळीस पैसं द्या. तुमच्या हातानं, आबाच्या हातात."

तो माझ्याकडं बघत राहिला. खरंच आठवत होता. मग म्हणाला, "कोण आबा?"

चार महिने आम्ही त्या शनिवाराखाली दबून होतो. आबा वळसे घालत होता. आणि ह्याला माणूसच आठवत नव्हता. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. तिथं मला कळलं. ह्याला राग आला म्हणून त्यानं आबाला हिणवलं नव्हतं. सहज हिणवलं होतं. आम्ही सहज हिणवायची माणसं होतो. त्याला ते ठाऊक होतं आणि आम्हालाही इतके दिवस ते मान्य होतं. माझं मान्य असणं तिथं संपलं.

पोलीस आले. चोरी म्हणून लिहिलं. दोन रात्री चौकीत काढल्या. किती घेतलंस, विचारत होते. माझ्या अंगावर माझी वीस पैशाची हमालीसुद्धा नव्हती. तिसऱ्या दिवशी मुकादमानं सोडवून आणलं आणि हात जोडले. आता पेठेत तुला काम नाही, तुझ्या बापालाही नाही.

आम्ही साताऱ्याला आलो. बाजारात गुळाच्या ढेपा वाहायला लागलो. आबा माझ्यावर चिडला होता. चाळीस पैशापायी सांगली घालवलीस, म्हणाला. महिनाभर बोलला नाही.

वर्षानं दिवाणजी साताऱ्यात आमच्या दारात. कागदाची पुडी घेऊन. तो म्हणाला, त्या दिवसापासनं लोक मोड हातात पडल्याशिवाय पायरी उतरत नाहीत. दुकानात रोज भांडण. मालक म्हणतो, मिटवून टाक. पुडीत चाळीस पैसे होते आणि वर पाच रुपये.

मी विचारलं, मालक कुठं आहे.

"त्ये कशाला येत्यात हितं?" दिवाणजी म्हणाला.

मी आबाकडं बघितलं. पैसे त्याचे होते, बोलायचा हक्क त्याचा होता. आबा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं पुडीकडं बघितलंच नाही.

"दिवाणजी," तो म्हणाला, "च्या घ्या आन् जावा."

दिवाणजीनं चहा घेतला आणि पुडी उचलून गेला. त्या दिवसापासनं आबा माझ्याशी पहिल्यासारखा बोलायला लागला.

मालकाचं नाव मला पाठ आहे. लिहिणार नाही. लिहिलं की लोक म्हणतील, तो एक तेवढा वाईट होता, बाकी पेठ चांगली होती. तसं नव्हतं. हसली होती ती सगळी पेठ.

आबा गेला. मालक गेला. दुकान आहे, नातू चालवतो. लोक मला म्हणतात, म्हातारा झालास, आता माफ कर. ज्याचा अपमान झाला त्यानं माफी द्यायची असते. आबानं दिली नाही. त्याच्या माघारी ती वाटायला मी कोण?

माझ्या पोरांना मी सांगून ठेवलंय. त्या दुकानाकडं आपले चाळीस पैसे निघतात. व्याज नको, नोट नको, माणूस पाठवलेला नको. गादीवर जो बसला असेल त्यानं पायरी उतरून खाली यावं, आबाचं नाव घ्यावं आणि हातात हात लागेल असे द्यावेत. तोवर सोडायचं नाही. मी सोडणार नाही, आणि माझ्यामागं तुम्हीही सोडू नका.